बाहेरचा जिना

४ फेब्रुवारी

धाकट्यास,

आशीर्वाद आहेतच. राग आला म्हणून थोरल्या बहिणीचे आशीर्वाद बंद होत नाहीत, नाहीतर तुझे कधीच झाले असते.

हे पत्र ऑफिसच्या पत्त्यावर कशाला, असं तुला वाटेल. फोन तू उचलत नाहीस. घरी पाठवलं तर न उघडता कपाटावर टाकशील आणि विचारलं की म्हणशील, "अगं, मिळालंच नाही." पालिकेत आलेल्या कागदाला मात्र आवक क्रमांक पडतो, शिक्का बसतो आणि कुणीतरी तो उघडून वाचतंच. हे मला तूच एकदा ऐटीत सांगितलं होतंस. तेव्हा आवक विभागात जे कुणी हे वाचत असतील त्यांना माझा नमस्कार. मी तुमच्या नियोजन खात्यातल्या साहेबांची बहीण. लाँड्री चालवते. वाचून झालं की पत्र त्यांच्या टेबलावर ठेवा, म्हणजे झालं.

तर धाकट्या, पेपरात नव्या विकास शुल्काची बातमी आली आणि दर ठरवणाऱ्यांत तुझं नाव. तुझ्या भावोजींनी ती मोठ्याने वाचून दाखवली, इस्त्री तशीच शर्टावर ठेवून. शर्ट गेला. गिऱ्हाईक वकील निघालं, त्यामुळे भरपाईही द्यावी लागली.

बातमी ऐकून मला काय वाटलं, सांगू? पटलं. मला तुझं काही पटलं हे लिहायला जिवावर येतंय, पण पटलं. वरच्या माळावर टॉवरमागून टॉवर उठले. त्यांचं सगळं सांडपाणी आमच्या गल्लीतल्या जुन्या लाईनमधून जातं. महिन्यातून एकदा दुकानासमोरचं चेंबर उफाळतं आणि मी हॉटेलच्या धुतलेल्या चादरी डोक्यावर घेऊन चवड्यांवर चालते. आता जो नवीन घर बांधेल त्याने नळाचा, गटाराचा, रस्त्याचा वाटा आधी भरायचा, असं तुमचं म्हणणं. बरोबरच आहे. पंगतीत नवीन पान वाढायचं तर पिठाचा डबाही भरायला नको का?

पण आता मीच नवीन घर बांधतेय. लाँड्रीच्या वर. तुझ्या भाचीसाठी. एक मोठी खोली, बाथरूम, ओट्यापुरतं स्वयंपाकघर, आणि बाहेरून जिना. गेल्या वर्षी ती सासर सोडून आली तेव्हा तू फोनवर म्हणालास, "चार दिवस ठेव आणि परत पाठव." स्थळ तूच आणलं होतंस, म्हणून तुझा तोल गेला असेल, असं मी स्वतःला समजावलं. मी फोन आपटला हेही खरं. पण त्यानंतर तू आला नाहीस. ती इथेच आहे. चार दिवस कधीच संपले.

मला एवढंच कळव : एवढ्याशा खोलीला तुमचं शुल्क किती?

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्यास,

तू कळवलं नाहीस, पण तुमच्या काउंटरवाल्याने कळवलं. आता सगळं ऐक.

अर्ज मी भरला. त्यात एक प्रश्न होता, बांधकाम पूर्ण झाल्यावर प्लॉटवर एकूण घरं किती. मी बेधडक लिहिलं, एक. शपथेवर सांगते, त्यात लबाडी नव्हती. खाली आम्ही दोघं, वर आमचीच पोर. एकाच घरातली माणसं. दोन म्हणायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. पोरगी शेजारी उभी होती. तिने माझ्या हातातून पेन काढून घेतलं, एकावर काट मारली, दोन लिहिलं आणि बाजूला सही केली.

कारकून चांगला होता बिचारा. हळूच म्हणाला, "बाई, एक राहू दिलं असतंत तर शुल्कच नव्हतं. वाढीव खोली धरली असती. दोन म्हणजे नवीन घर, पूर्ण शुल्क. फॉर्म बदलून देऊ का?"

मी त्याच्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. ही म्हणाली, "नको. दोनच आहेत."

मला लागलं रे. बसमध्ये मी तिला विचारलं, "आम्ही तुला वेगळं काढतोय असं वाटतं का तुला?" तर म्हणाली, "आई, तुम्ही काढत नाहीये, मी निघतेय. तेसुद्धा एक मजला वर." मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. समोरच्या बाईने उठून मला तिची जागा दिली, म्हणजे बघ कशी दिसत असेन.

आता शुल्काचं. नवीन मोठं मशीन घ्यायला मी जे साठवलं होतं ते सगळं त्यात जातं, वर हिच्या पगारातलेही घालावे लागतात. बरं, जाऊ दे म्हटलं, सांडपाणी सोडायचं तर वाटा द्यायला हवा. पण मग भिंतीवरचा तुझा दरांचा तक्ता वाचला. घर म्हटलं की एकच शुल्क, सगळ्यांना सारखं! वरच्या टॉवरमध्ये चार बाथरूमवाला फ्लॅट आहे, त्याच्या टेरेसवर पोहायचा हौद आहे, त्यालाही तेवढंच आणि माझ्या पोरीच्या खोलीलाही तेवढंच? आणि बिल्डरला म्हणे फ्लॅट विकले की भरायची सवलत, आणि आम्ही पहिली वीट ठेवण्याआधी! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

हे कुणाच्या सुपीक डोक्यातून आलं? तुझ्याच ना? लहानपणी पाव वाटताना माझ्या वाट्याचा तुकडा बोटांनी मोजून घ्यायचास तू. तेव्हा कुठे गेलं होतं "सगळ्यांना सारखं"?

ताई


६ मार्च

धाकट्यास,

काल तुझी बायको येऊन गेली. तिच्यावर राग नाही. ती भिडस्त आहे, तू पाठवलंस म्हणून आली. आधी म्हणाली, पत्रं ऑफिसला पाठवू नका ताई, सगळं खातं वाचतं. मी म्हटलं, वाचू देत, शहराचा प्रश्न आहे. मग चहाचा कप फिरवत फिरवत तुझा निरोप दिला.

मी तो तुझ्याच शब्दांत इथे उतरवते, म्हणजे त्याला आवक क्रमांक पडेल. "नकाशात जिना आतून दाखवा. ओट्याच्या जागी 'सामानाची खोली' लिहा. वाढीव खोली म्हणून मंजूर होईल, शुल्क पडणार नाही. वर्षभराने बाहेरून जिना काढा, कोण बघतंय?"

अरे, कोण बघतंय काय? बघायचा पगार तूच घेतोस ना? नियम करणारा तू, आणि त्यातून पळायची वाट बहिणीला दाखवणाराही तूच. कुंपणच शेत खायला लागल्यावर दाद मागायची कुणाकडे? आणि मग गल्लीतल्या नव्या लाईनचे पैसे कोण भरणार, टॉवरवाला? त्यालाही त्याचा कुणी भाऊ असेलच की आत बसलेला.

यावर मी एकवेळ हसले असते. पण निरोपाला शेपूट होतं. तुझी बायको खाली बघत म्हणाली, "ते म्हणतात, उद्या तिचं मन बदललं, परत जायचं झालं, तर वेगळा जिना कशाला हवा?"

पोरगी मागे चादरींच्या घड्या घालत होती. घडी तशीच धरून बाहेर आली. मामीला म्हणाली, "मामाला सांगा, मी परत जाणार नाही. माझं मन बदलून झालंय." आणि पुन्हा आत जाऊन घड्या घालायला लागली. तुझी बायको गेली तेव्हा तिचे डोळे भरले होते. का ते मी विचारलं नाही.

आता तुला न सांगण्यासारखं सांगते. तुझा निरोप मला आज दुपारपर्यंत पटला होता. मशीनचे पैसे वाचले असते. सकाळी मी मिस्त्रीला बोलावलं आणि म्हटलं, आतला जिना कुठून निघेल ते खडूने आखून दाखव. मिस्त्री खूश झाला. म्हणाला, "बाई, सगळे असंच करतात. तुम्हीच एक सरळमार्गी भेटलात, मला तर घोर लागला होता." त्याने वाळवणाच्या खोलीतून, तुझ्या भावोजींच्या इस्त्रीच्या टेबलाला वळसा घालून, गल्ल्यापाशी येईल असा जिना आखला.

दुपारी पोरगी कामावरून, लॅबमधून आली. तिने ती रेघ पाहिली. चपला काढल्या आणि त्या रेघेवरून चालून दाखवलं. ओल्या चादरी बाजूला सारत, बाबांना "जरा सरका हं" म्हणत, गिऱ्हाइकांच्या रांगेतून. मग म्हणाली, "म्हणजे रोज जाताना सगळ्यांना सांगून जायचं आणि येताना सगळ्यांना सांगून यायचं. तिथेही असंच होतं, आई."

तिथे कसं होतं ते तुला माहीत आहे, मीच सांगितलं होतं. दोन वर्षं त्या घरात राहून तिच्याकडे घराची किल्ली नव्हती. सासू म्हणायची, घरात माणसं असताना सुनेला किल्ली कशाला? मग एक दिवस माणसं कुलूप लावून नातेवाइकांकडे राहायला गेली, हिला न सांगता. ही लॅबमधून येऊन दुपारभर दाराशी बसून राहिली. शेजारच्या बाईने पाणी दिलं. संध्याकाळी ती आमच्याकडे आली, आणि दोन बॅगा नंतर मी स्वतः जाऊन आणल्या. तू त्याला "गैरसमज" म्हणालास. शब्द आठवतो ना? मला आठवतो.

मी ओला बोळा घेऊन मिस्त्रीची रेघ स्वतः पुसली. मिस्त्री बिचारा कपाळाला हात लावून बसला.

जिना बाहेरूनच निघेल. घरं दोनच लिहिली जातील. शुल्क मी भरणार, आणि भरण्याआधी तुमच्याशी भांडणार. सुनावणीची तारीख पेपरात आली आहे. येते.

ताई


२८ मार्च

साहेब,

काल सगळ्यांसमोर तुला साहेब म्हणावं लागलं, अजून तोंडातून जात नाहीये.

व्यासपीठावर तू बारीक झालेला दिसलास. कॉलरला इस्त्री नव्हती. ते असो.

माझ्या आधी बिल्डरांचा माणूस बोलला. म्हणे हे शुल्कच रद्द करा, घरं महाग होतील, गरिबांचे हाल होतील. गरिबांचा एवढा कळवळा मी अत्तर लावलेल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. माझा नंबर यायचा होता, पण राहवलं नाही. उठून म्हटलं, "अहो, तुमच्या टॉवरचं पाणी माझ्या उंबऱ्यात येतं, त्याचे पैसे कोण भरणार? शुल्क पाहिजेच!" तेव्हा तुझ्या बाजूचे अध्यक्ष माझ्याकडे बघून कौतुकाने हसले. त्यांना वाटलं, आपल्या बाजूची बाई आली. तू हसला नाहीस. तुला पुढचं ठाऊक होतं.

माझा नंबर आल्यावर मी काय बोलले ते तू ऐकलंसच, पण आवक विभागासाठी लिहिते. मी म्हटलं, माझ्या दुकानात रुमालाला आणि डबलबेडच्या चादरीला एकच दर लावला तर दुसऱ्या दिवशी रुमालवाले माझ्या दुकानाकडे फिरकणार नाहीत. शहरात मात्र रुमालवाल्याने जायचं कुठे? दर घराच्या आकाराप्रमाणे लावा. आमच्या भागातून घेतलेला पैसा आमच्या भागाच्या लाईनला लावा. आणि बिल्डरला थांबायची मुभा असेल तर आम्हालाही द्या.

तू उत्तर दिलंस. खोटं कशाला बोलू, उत्तर मूर्खपणाचं नव्हतं. घर लहान असो की मोठं, लाईन त्याच्या दारापर्यंत न्यावीच लागते, खोदाई तेवढीच, म्हणालास. मग मी म्हटलं, "दारापर्यंतचं ठीक, पण दारातून पुढे जे वाहतं ते तर सारखं नाही ना?" टाळ्या पडल्या. तू मान हलवलीस. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला मागच्या रांगेतून कळलं नाही.

आणि मग तुझे अध्यक्ष माझा अर्ज चाळून सगळ्यांदेखत म्हणाले, "पण बाई, तुमच्या घरातलीच मुलगी. तुम्ही एकच घर दाखवलं असतंत तर हा प्रश्नच नव्हता!" सगळं सभागृह हसलं. मागचा एक जण ओरडला, "बाईंना कुणीतरी शिकवा!"

माझी लाही लाही झाली. घरून घोकून गेलेलं सगळं विसरले. मी म्हटलं, "दोन आहेत म्हणून दोन लिहिलं. या शहरात खरं लिहायचे पैसे पडतात का? खोटं लिहिणाऱ्याला माफी आणि खरं लिहिणाऱ्याला शुल्क, असा नियम असेल तर तसा तक्त्यावर छापा. माझी मुलगी कमावते, स्वतःचं खाते, तिला स्वतःचं दार पाहिजे. हसायला काय झालं?"

हसणं थांबलं. अध्यक्ष म्हणाले, वेळ संपली. मी म्हटलं, संपू दे, माझं बोलून झालंय.

हे तुझ्या भाचीचं चाललंय हे तुला ठाऊक होतं, आणि तू ग्लासातलं पाणी पीत बसलास. घरी येईपर्यंत मला त्याचाच राग येत होता, अध्यक्षांचा नाही.

ताई


१२ एप्रिल

धाकट्यास,

बातमी वाचली. लहान घरांना निम्मं शुल्क. टॉवरवाल्यांनाही आता आधी भरायचं. आणि गोळा झालेल्यातला ठरावीक वाटा त्याच भागात खर्च करायचा. तुझ्या भावोजींनी या वेळी इस्त्री बाजूला ठेवून वाचलं.

आणि शेवटची ओळ : नवे दर पुढच्या आर्थिक वर्षापासून, आधीच्या अर्जांना लागू नाहीत. वा! लढलो आम्ही आणि जेवणार दुसरे. चालेल. कुणीतरी जेवतंय ना.

काउंटरवाल्या कारकुनाने स्वतःहून सांगितलं, अर्ज मागे घ्या, पुढच्या वर्षी नव्याने करा, निम्मे वाचतील. मी पोरीला म्हटलं, तुझं घर, तू ठरव. ती म्हणाली, "आई, अजून वर्षभर मी जरा सरका म्हणत राहू?"

आज आम्ही दोघींनी पूर्ण शुल्क भरलं. माझं नवं मशीन राहून गेलं, हिची शिल्लक संपली. पावतीवर लिहिलंय, नवीन घर एक, मालक म्हणून हिचं नाव. ती पावती तिने तीनदा वाचली. सासरच्यांनी तिला घरात मोजलं नाही, तू मोजलं नाहीस, मीसुद्धा माझ्यातच धरून चालले होते. तुझ्या त्या दळभद्री तक्त्याने मात्र तिला एक आख्खं घर म्हणून मोजलं. त्यासाठी पैसे गेले याचं मला दुःख नाही, हे अध्यक्षांना सांग.

ताई


९ ऑक्टोबर

धाकट्या,

हे पत्र घरी पाठवतेय, कारण सोबत तुझा चेक आहे आणि तो शिक्के खात फिरायला नको.

घर झालं. मिस्त्रीने जिन्याला कठडा इतका मजबूत बसवलाय की तुझे भावोजी म्हणतात, हत्ती बांधा. पोरगी परवा वर राहायला गेली. गादी, पुस्तकं, एक कुकर, आणि मी जबरदस्तीने दिलेल्या चादरी. खाली आम्ही दोघं अगदी मोकळे झालो. पहिल्या संध्याकाळी तुझे भावोजी दोनदा म्हणाले, "वर आवाज येतोय," आणि दोन्ही वेळा येत नव्हता.

गल्लीच्या लाईनची खोदाई सुरू झाली आहे. खड्ड्याभोवती कठडा नाही. त्याबद्दल ऑफिसच्या पत्त्यावर वेगळं लिहिते, सोडत नाही.

आता चेक. शुल्काची पूर्ण रक्कम, तुझ्या स्वतःच्या खात्यातली. सोबत तुझ्या अक्षरात चार ओळी, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा. "ताई, नवे दर तुमच्या अर्जापासून लागू व्हावेत म्हणून मी भांडलो होतो, ऐकलं नाही. हे ठेव. तिला सांगू नकोस." वाचून मी गल्ल्यावर डोकं ठेवून रडले. गिऱ्हाइकाने विचारलं, बाई, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही हो, माझा भाऊ परत आला.

पण चेक परत पाठवतेय. तुझी ऐपत आहे, माझी गरजही आहे, मशीन खडखड करतंय. तरीही नाही. ते शुल्क घरमालकिणीच्या नावाने भरलंय, आणि मालकिणीपासून लपवून तिच्या घराचे पैसे मी कुणाकडून घेणार नाही. तू ते मला गुपचूप देऊन मोकळा व्हायला बघतोयस. तसं मोकळं होता येत नाही. आणि माझी माफी मागू नकोस, माझ्यापाशी ती शिल्लकही नाही. मी तुझ्यावर रागावले, भांडले, पोट भरून शिव्या दिल्या, माझा हिशेब मिटला. तिचा मिटलेला नाही. "परत पाठव" असं तू जिच्याबद्दल म्हणालास ती मी नव्हे.

तेव्हा तू ये. रविवारी ती घरी असते. दुकानातून येऊ नकोस, मी तुला आतून सोडणार नाही, तशी वाटच नाही. बाहेरच्या जिन्याने वर जा. दार वाजव. कोण, असं विचारेल, तर मामा आहे म्हण, साहेब म्हणू नकोस. काय बोलायचं ते मला विचारू नकोस, मी शिकवणार नाही.

ती उघडेल की नाही, हे मला ठाऊक नाही. मी तिला विचारलं नाही आणि तुझी रदबदलीही करणार नाही. नाही उघडलं, तर गुपचूप खाली ये, मी चहा ठेवेन, आणि पुढच्या रविवारी पुन्हा चढ. दार तिचं आहे, धाकट्या.

तुझी ताई